पंचफुला म्हणायला शिकताना

डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांसमोर पेन धरलं आणि विचारलं, "काका, हे काय आहे?"

ते पेन आहे हे मला माहीत होतं. निळ्या टोपणाचं, बॉलपेन. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि "ता... ता..." एवढंच बाहेर आलं. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं. तेही मला माहीत होतं. पुन्हा "ता... ता..." पायाशी उभ्या असलेल्या माझ्या बायकोनं पदर तोंडाला लावला.

डॉक्टर मान हलवत म्हणाले, "स्ट्रोक आहे. मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे. उजवा हात आणि पाय बहुतेक सावरतील. भाषेला वेळ लागेल. ह्याला अफेझिया म्हणतात."

अफेझिया म्हणजे काय, हे मला तेव्हा कोणी समजावलं नाही आणि समजावलं असतं तर कळलंही नसतं. आता दीड वर्षानंतर सांगतो. शब्द डोक्यात असतो, त्याचा अर्थही माहीत असतो, पण डोक्यातून जिभेपर्यंत येणारी वाट बुजलेली असते. समोरच्याला वाटतं, ह्याची बुद्धी गेली. बुद्धी जागेवर असते. ती आतून सगळं ऐकत असते, आणि फार लाजत असते.

मी प्राथमिक शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलं. माझी ख्याती एकाच गोष्टीसाठी होती, शुद्ध उच्चार. 'डोळा'ला 'डोया' म्हणणारं पोर मी बाकावर उभं केलं. 'शाळा'ला 'साया' म्हणणाऱ्याला दहादा म्हणायला लावलं आणि वर्गाला हसू दिलं. त्या मास्तराला पेन म्हणता येईना. ह्यात मला कोणाची दया नको. पण ज्यांच्या घरी असा आजार येईल त्यांना उपयोग व्हावा, आणि एक जुनी खोटी गोष्ट माझ्या हातानं खोडली जावी, ह्या दोन कारणांसाठी हे लिहितो आहे. लिहिणंही आता सोपं नाही. एका परिच्छेदाला दोन-तीन दिवस लागतात.

त्या दिवशी सकाळी देवळीच्या घरी मी नेहमीप्रमाणे पेपर मोठ्यानं वाचत होतो. मी वाचतो आणि बायको भाजी निवडत ऐकते, असा आमचा नेम. दुसऱ्या बातमीला माझी जीभ जड झाली. पेपर उजव्या हातातून घसरला. मला वाटलं, रात्री नीट झोप झाली नाही.

ती उठून समोर आली. "अवो, हासून दाखवा बरं."

मी हसलो.

"दोनी हात वर करा."

डावा वर गेला. उजवा मांडीवरच राहिला. आरोग्य केंद्राच्या आशाताईनं गावात बायकांच्या बैठकीत हे शिकवलं होतं. त्या बैठकीची मी घरी टिंगल केली होती. तोंड वाकडं, हात खाली, बोलणं बोबडं, तीन खुणा. ह्यातली एकही दिसली तरी थांबू नका.

शेजारचा गजानन धावत आला. त्याच्याकडे गाडी आहे. तो म्हणाला, "काकू, लकवा होय हा. आधी कबुतराचं रक्त चोळू. माह्या मामाले त्यानंच गुन आला."

"तुह्या मामाचं मामापाशी राहू दे," ती म्हणाली. "गाडी काढतं का मी रस्त्यावर उभी राहू?"

त्यानं गाडी काढली. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा पाऊण तास झाला होता. सीटी स्कॅन झालं. म्हणजे डोक्याचे आडवे आडवे फोटो. त्यात मेंदूत रक्तस्राव नाही हे दिसल्यावरच गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन देता येतं, आणि ते पहिल्या साडेचार तासांतच द्यावं लागतं. मला ते वेळेत मिळालं. डॉक्टर नंतर तिला म्हणाले, "आजी, तुम्ही घरी बसून मालिश करत राहिला असता तर हे आज असे बसले नसते."

आणखी एक कबुली इथेच देतो. मी रक्तदाबाची गोळी दोन महिन्यांपासून स्वतःच बंद केली होती. बरं वाटत होतं म्हणून. बरं त्या गोळीमुळेच वाटत असतं, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळायला हवं होतं.

दोन दिवस अतिदक्षता विभागात, मग आठ दिवस वॉर्डात. एमआरआय झाला. एका लांब नळकांड्यात झोपवतात आणि कानाशी हातोडे पडल्यासारखा आवाज येतो. घाबरू नका, दुखत काही नाही. चौथ्या दिवशी उजव्या हाताची बोटं हलली. सगळ्यांना आनंद झाला. मला झाला नाही. मला बोलायचं होतं.

गंमत अशी की, एक ते वीस आकडे मला घडाघडा म्हणता येत. लहानपणचा पाढा म्हणता येई. पण 'पाणी' मागता येत नसे. पाठ झालेलं मेंदूच्या दुसऱ्या कोपऱ्यात राहतं म्हणे. बायको मला पाणी हवंय की लघवीला जायचंय हे डोळ्यांवरून ओळखी. एकदा चुकली आणि मी पेला भिरकावला. तिनं फरशी पुसली आणि शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या बाईला म्हणाली, "मास्तर होयेत ना. डस्टर फेकाची सवय हाये." ती बाई हसली. मलाही हसू आलं, वाकडं.

पाचव्या दिवशी स्पीच थेरपिस्ट आली. बोलणं गेलेल्या माणसाला पुन्हा बोलायला शिकवणारी ती. पंचविशीची, सावळी, तमिळनाडूची, शिकायला इथे आली आणि इथेच नोकरीला लागली. नाव याळिनी. मी इथे ळ लिहिला आहे, पण तो ळ नव्हे. ळ आणि र यांच्या मधला एक आवाज आहे, जीभ मागे वळवून धरावी लागते. आपल्याकडे तो नाही. वॉर्डात कोणी तिला यामिनी म्हणे, कोणी यालिनी, एक मावशी तर सरळ 'जामिनी मॅडम' म्हणत.

माझ्या बायकोनं पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, तुमची माय तुमचं नाव कसं घेते?"

ती हसली. "कुछ भी बोलिए आंटी. सब लोग कुछ भी बोलते हैं. चलता है."

"नाई," बायको म्हणाली. "चालत नाई. तुमी म्हनून दाखवा."

तिनं म्हणून दाखवलं. बायको म्हणाली, "यायिनी." आमच्या वऱ्हाडीत ळ चा य होतो, त्याला ती काय करणार. पुन्हा ऐकलं. "यारिनी." पुन्हा. मी खाटेवरून पाहत होतो. पुढचे तीन दिवस ती पेला विसळताना, माझे पाय दाबताना, पुटपुटत राहिली. जीभ आत ने, बाहेर ने. एकदा मला म्हणाली, "जीभ इतकी मांगं वयवा लागते का घशातच जाते." चौथ्या दिवशी पोरगी दारात दिसली तशी बायकोनं हाक मारली. पोरगी जागीच थांबली. "आंटी, सेम टू सेम! मेरी अम्मा ऐसे ही बुलाती है." आणि तिनं चक्क बायकोच्या गळ्यात हात टाकले.

मी डोळे मिटून घेतले. माझी बायको एका परक्या मुलीच्या नावासाठी चार दिवस का झटली, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

आता ती जुनी गोष्ट सांगतो.

आमचं लग्न झालं तेव्हा मी नवा मास्तर होतो, पुस्तकं वाचणारा. तिचं माहेर भाजीवाल्या माळ्यांचं, आर्वीच्या बाजूला. घरचं नाव पंचफुला. आमच्या भागातलं जुनं, चांगलं नाव. मला ते खेड्यातलं वाटलं. लग्नानंतर ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहायची आमच्याकडे रीत आहे. साधारणपणे घरची मंडळी ठरवतात. मी हट्टानं माझं लिहिलं. शुचिस्मिता. माझे वडील ताटाकडे पाहून म्हणाले, "हे काय नाव होय? माह्या तं घशातच आडकते." आईनं शेवटपर्यंत ते नाव घेतलं नाही, ती 'मास्तराची' म्हणे. बायकोनं प्रयत्न केला. 'सुचिसमिता' म्हणे. मी दुरुस्त करी, चारचौघांतही करी. काही दिवसांनी तिनं स्वतःचं नाव सांगणंच सोडलं. बँकेत, रेशनच्या दुकानात, आधारकार्डाच्या वेळी तिला नाव विचारलं की ती माझ्याकडे बघे आणि मी सांगे, ठणठणीत. फोनवर ती "मास्तरीन बोलून राह्यली" म्हणे.

लग्नाला दहा-बारा वर्षं झाली असतील. मी नोकरीला होतो त्या गावात अंगणवाडी सुरू व्हायची होती. सेविका हवी होती. ती सातवी पास होती, गावातली लेकरं तिच्या अंगाखांद्यावर असत. तिला ती नोकरी फार हवी होती. तिनं माझ्याकडे शिफारस मागितली नव्हती, फक्त अर्ज भरून मागितला. मी भरला. मुलाखतीला मीही गेलो, कारण घेणाऱ्या साहेबांशी माझी ओळख होती.

पुढची गोष्ट मी पस्तीस वर्षं सांगत आलो. लग्नांत, निरोप समारंभांत, जावयांसमोर. ती अशी, की साहेबांनी विचारलं, बाई तुमचं नाव काय, आणि आमच्या सौभाग्यवतींना स्वतःचं नाव सांगता येईना. सु, सुचि, सुचिस, असं करत राहिल्या आणि नोकरी गेली. लोक पोट धरून हसत. मी नक्कलही करत असे. ती तिथेच वाढत असे.

खरं असं झालं. साहेबांनी नाव विचारलं. तिनं सरळ बसून, स्पष्ट, न अडखळता पंचफुला आणि वडिलांचं पूर्ण नाव सांगितलं. तिच्या सातवीच्या दाखल्यावर तेच होतं. दाखला टेबलावर होता. पण अर्जावर मी शुचिस्मिता लिहिलं होतं. साहेब अर्जाकडे पाहून गोंधळले. मी मागच्या बाकावरून म्हणालो, "अगं, स्वतःचं नाव तरी नीट सांग." तिनं माझ्याकडे वळून पाहिलं आणि मग ते दुसरं नाव घ्यायचा प्रयत्न केला. आधी मी हसलो, मग साहेब हसले, मग कारकून. साहेब म्हणाले, "मास्तर, शिकवणी घरूनच सुरू करा." तिच्यापुढे चहा ठेवला होता. तो तसाच ठेवून ती उठली.

तिनं उत्तर बरोबर दिलं होतं. चूक अर्जात होती, आणि अर्ज माझा होता. परत येताना बैलगाडीत मला हे कळलं होतं. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगता आलं असतं. मी गेलो नाही, आणि महिनाभरात त्याचा विनोद करून टाकला. विनोद झाला की मग ती गोष्ट आपण केलेली राहत नाही.

हे सगळं मला त्या खाटेवर पुन्हा दिसलं, कारण सुट्टी मिळण्याच्या आदल्या दिवशी याळिनी वही घेऊन बसली आणि म्हणाली, "अंकल के लिए घर के शब्द चाहिए. जो रोज लगते हैं. नाम सबसे अच्छे होते हैं. आंटी, आपका नाम?"

सवयीनं बायकोनं माझ्याकडे पाहिलं.

आणि मी, सवयीनंच, सांगायला निघालो. "शु... शु... शु..." ओठ पुढे आले, थुंकी उडाली, पुढे काही नाही. खरंच सांगतो, त्याही अवस्थेत मला तिला दुरुस्त करायची घाई होती.

तिनं क्षणभर वाट पाहिली. मग पोरीकडे वळून म्हणाली, "पंचफुला."

"पंच-फुला," याळिनीनं म्हटलं. "फु या पु?"

"फु. फूल असते ना, तसं."

"पंचफुला. ठीक?"

"ठीक," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ताटातल्या तांदळावर नाव लिहिलं त्या दिवसापासून पाहिलं नव्हतं.

याळिनी वहीत लिहीत म्हणाली की हा शब्द माझ्यासाठी उत्तम आहे. प आणि फ ओठांवरचे आवाज, ते आरशात दिसतात, म्हणून लवकर परत येतात. तिच्यासाठी ती फक्त उपचाराची गोष्ट होती.

घरी व्यायाम सुरू झाला. माझ्यासारखे जे असतील त्यांच्यासाठी सांगतो, कारण इथेच बहुतेक लोक सोडून देतात. दिवसातून तीनदा, वीस वीस मिनिटं. समोर आरसा. आधी आवाज, मग जोड, मग शब्द. माझ्या जिभेला अप्रॅक्सियाही होता. म्हणजे जिभेत ताकद असते, पण कुठे जायचं हे ती विसरलेली असते. काल आलेला शब्द आज येत नाही. तेव्हा रडू येतं, आणि स्ट्रोकनंतर रडू तसंही लवकर येतं. ते आजाराचं आहे, खचल्याचं नाही.

घरच्यांनी एक गोष्ट पाळावी. रोग्याचा शब्द अडला की तो त्याच्या तोंडातून काढून घेऊन पुरा करू नका. थांबा. बायको थांबत असे. पहिल्या खेपेला दोन मिनिटं थांबली, हातातला झाडू तसाच धरून. मी "पं" म्हटलं. ती म्हणाली, "हं." मी "पं... च" म्हटलं. "हं, घाई नोका करू." 'फु' ला ओठ नुसतेच फुगत. ती माझ्या ओठांसमोर तळहात धरी. हवा लागली पाहिजे. "लागली! थोडशी लागली." लेकरू पहिलं पाऊल टाकतं तेव्हा बायका ज्या आवाजात बोलतात त्या आवाजात. चुकलो तर ती कधी हसली नाही. आणि जेव्हा हसली तेव्हा चुकीला नाही हसली. एकदा 'फुला' म्हणताना माझे दात हलले आणि कवळी आरशावर आपटली, तेव्हा आम्ही दोघंही हसलो. मी थांबूच शकलो नाही.

सव्वा महिन्यानं ते आलं. पूर्ण. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी दारातून हाक मारली. लग्नाला पन्नासच्या घरात वर्षं होत आली, मी तिला 'अगं', 'ऐकलं का', 'इकडे ये' असंच बोलावलं होतं. मी म्हणालो, "पंचफुला."

तिनं लगेच पाहिलं नाही. हातातली शेंग सोलून झाली, दाणे टोपलीत टाकले, मग म्हणाली, "काय जी?"

मला काही नको होतं. मी खांबाला धरून उभा राहिलो आणि जे म्हणायचं होतं ते म्हणायला निघालो. ते वाक्य मी आठवडाभर आरशासमोर जुळवलं होतं, ती देवळात गेली की. "तू... बरोबर... सांगितलं. तेव्हा. मी... खोटं... सांगत गेलो." एवढ्याला किती वेळ लागला माहीत नाही. ती वाट पाहत होती.

"मले माहीत हाये," ती म्हणाली.

"मा... माफ..."

"मले काऊन सांगता?" तिनं दुसरी शेंग घेतली. "मी तं तिथंच होती. ज्याईले हासवलं त्याईले सांगा."

मग मी दुसरी गोष्ट काढली. कागदावरचं नाव बदलायचं. राजपत्रात जाहिरात, आधार, सगळं. अर्ध्या शब्दांनी आणि डाव्या हाताच्या खुणांनी मी ते तिला समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डोकं फिरलं का तुमचं? पेन्शनच्या कागदावर कोनतं नाव हाये? तुमी गेल्यावर मले त्या नावानं भेटन का ते पेन्शन? का मी कचेरीत जाऊन म्हनू, मी ते नव्हंच? राहू द्या शुचिस्मिताले कागदावर. पडून राहील एका कोपऱ्यात."

पुढची गोष्ट मजेची. 'शुचिस्मिता' तिनं मला त्या दिवशी जवळजवळ बरोबर म्हणून दाखवलं. मी चकित झालो. ती म्हणाली, "मले येत होतं. घरी येत होतं. तुमच्यासमोर येत नव्हतं."

हे वाक्य मी माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांच्या वतीनं ऐकलं. आता त्यांच्यापैकी कोण कुठे आहे, मला माहीत नाही.

दर महिन्याला आम्ही दवाखान्यात जात राहिलो. बाहेरच्या बाकांवर आमच्यासारखीच माणसं असतात. हिंगणघाटचा एक ट्रकचालक होता, त्याला फक्त शिव्या येत, आणि त्याची बायको लाजून मान खाली घाली. याळिनीनं तिला सांगितलं, शिव्या आधी परत येतात, हे चांगलं लक्षण आहे. माझ्या बायकोनं भर घातली, "येऊ द्या बाई. मागून नाव बी येईन तुमचं."

मी याळिनीला माझा बेत सांगितला. देवळीत निवृत्त शिक्षकांचं वर्षातून एकदा संमेलन भरतं, जेवण असतं, आणि त्यात दरवेळी माझा अंगणवाडीचा किस्सा होतो. मला तो खरा सांगायचा आहे. मी एक मोठा कागद लिहून नेला होता. तिनं बायकोकडून त्याचा अर्थ समजून घेतला. ऐकताना तिचं हसू गेलं. तिनं बायकोच्या हातावर हात ठेवला. मग माझ्याकडे वळून पेन उघडलं आणि अगदी थेरपिस्टच्या आवाजात म्हणाली, "अंकल, ये वाक्य बहुत लंबा है. तोडिए." तिनं माझ्या अलंकारिक वाक्यांचे तुकडे केले. 'माझ्या हातून घडलेला प्रमाद' काढून 'माझी चूक' ठेवलं. सात वाक्यं उरली. सहा आठवडे मी ती सात वाक्यं म्हटली.

संमेलन मंगल कार्यालयात होतं. साठेक माणसं, पुरुष पुढे, बायका मागच्या रांगांत. वानखेडे गुरुजी माझ्याबरोबर नोकरीला होते, मनानं फार चांगले. त्यांनी माइक घेतला. "मास्तर यमाच्या दारातून परत आले आहेत. आता त्यांचा तो किस्सा झाल्याशिवाय जेवण नाही. हळूहळू सांगा मास्तर, आम्हाला काही घाई नाही."

टाळ्या पडल्या. काही जण आत्ताच हसायला लागले होते. मी काठी धरून उभा राहिलो. माइक माझ्या हातानं धरवेना, वानखेडे गुरुजींनी धरला.

मी म्हणालो, "ह्या माझ्या पत्नी." आणि मागच्या रांगेकडे हात केला. "त्यांचं नाव पंचफुला."

पुढच्या ओळीत कोणीतरी हसलं. त्याला वाटलं, किस्सा सुरू झाला.

"मुलाखतीत त्यांनी नाव... बरोबर सांगितलं. अर्ज... मी चुकीचा भरला. हसलो... आधी मी. त्यांची नोकरी... माझ्यामुळे गेली. मी तुम्हाला... पस्तीस वर्षं... खोटं सांगितलं."

शेवटच्या वाक्यात 'पस्तीस'ला मी अडकलो. प, प, प. वानखेडे गुरुजींचे ओठ तो शब्द पुरा करायला हलले आणि मागून तिचा आवाज आला, "थांबा भाऊजी. येते त्याईले."

आला.

मी खाली बसलो. कोणी टाळी वाजवली नाही, कोणी हसलं नाही. वानखेडे गुरुजी माइक धरून तसेच उभे होते. मला तिच्याकडे पाहायचं धाडस झालं नाही. मग मागून तीच म्हणाली, साठ माणसांसमोर, तिच्या स्वतःच्या बोलीत, "झालं ना आता? जेवाले वाढा. पोया थंड होऊन राह्यल्या."

सगळे हसले. त्या दिवशी त्यांना तिनं हसवलं होतं.

मी ज्यांचा ऋणी आहे ते लोक थोडे आहेत. गजाननची गाडी, वेळेवर इंजेक्शन देणारे डॉक्टर, घरापासून इतक्या दूर येऊन म्हाताऱ्यांना प आणि फ शिकवणारी याळिनी. तिचं नाव मला अजून नीट येत नाही. मी म्हणतो, ती दुरुस्त करते, मी पुन्हा म्हणतो. ज्यांच्या घरी हा आजार आला असेल त्यांना एवढंच सांगतो की पहिल्या तासात धावपळ करा आणि नंतरची दोन वर्षं अजिबात घाई करू नका. माझं बोलणं पूर्ण आलेलं नाही. शुद्ध तर आता कधीच येणार नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही.

त्या दिवशी पंगत बसली तेव्हा मी भिंतीला टेकून खुर्चीत होतो. ती ताट घेऊन जागा शोधत उभी होती. पलीकडच्या रांगेतून एका निवृत्त शिक्षिकेनं, जिच्याशी तिची फारशी ओळखही नव्हती, हात वर करून हाक मारली, "पंचफुलाताई, इकडे या. जागा धरली आहे."

ती पहिल्याच हाकेला वळली.